कोपऱ्यातला व्हॉल्व्ह आणि त्याच्यापर्यंत पोचणारा पाना

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत खिडकीखाली किंवा भिंतीलगत बसवलेल्या प्रत्येक रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह असतात, आणि त्यांपैकी एक घरातल्या माणसाने फिरवावा म्हणून, तर दुसरा त्याने फिरवू नये म्हणून घडवलेला असतो. रेडिएटर म्हणजे पोलादी पत्र्याचा चपटा, पोकळ आणि पाण्याने भरलेला संच. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या जोरावर एका टोकाने त्यात शिरते, खोलीला उष्णता देते आणि दुसऱ्या टोकाने निवून परत जाते. आत येणाऱ्या पाण्यावर सहसा हाताने फिरणारी मूठ असते. परत जाणाऱ्या पाण्यावर मात्र प्लास्टिकची एक गुळगुळीत टोपी दिसते, जी पुष्कळदा नुसती गोल गोल फिरते आणि काहीच करत नाही. तिच्याखाली पितळेचा आखूड दांडा, म्हणजे स्पिंडल, दडलेला असतो आणि तो फिरवायला पाना लागतो. या दुसऱ्या व्हॉल्व्हला तिकडे लॉकशील्ड म्हणतात.

ही अडचण मुद्दाम निर्माण केलेली आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय योग्य हत्यार कोणते या प्रश्नाकडे नीट पाहता येत नाही. पाणी नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते, त्यामुळे बॉयलरजवळच्या रेडिएटरमधून ते धो धो वाहते आणि माडीवरच्या शेवटच्या खोलीतला रेडिएटर कोमट राहतो. उपाय म्हणजे जवळच्या रेडिएटरचा परतीचा मार्ग आवळून पाणी दूरच्या रेडिएटरकडे ढकलणे. प्लंबर या कामाला बॅलन्सिंग म्हणतात. हे गणित एकदा जमल्यावर घरातल्या कोणी सहज हात लावून ते मोडू नये, म्हणून मुठीऐवजी टोपी आली. एकाच रेडिएटरवर गृहस्थाचा आणि कारागिराचा असा अधिकार वाटून दिलेला आहे, आणि टोपी ही त्या वाटणीची सीमा आहे.

बॅलन्सिंगमधली मात्रा किती सूक्ष्म असते, हे एका आकड्यावरून कळते. १ किलोवॅट उष्णता देणाऱ्या रेडिएटरमधून जाताना पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसने उतरायचे असेल, तर मिनिटाला जेमतेम पाऊण लिटर पाणी पुरते. एवढ्याशा प्रवाहासाठी लॉकशील्ड पुष्कळदा पूर्ण बंद अवस्थेपासून अर्धा किंवा पाऊण फेराच उघडावा लागतो. पुढचे दोन-तीन फेरे फिरवले तरी प्रवाहात त्या मानाने फारसा फरक पडत नाही. म्हणजे ज्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचणे कठीण, त्याच्यावर काम मात्र पाव फेऱ्याच्या बारकाव्याचे असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नव्या बॉयलरसाठी कंडेन्सिंग पद्धत जवळजवळ सक्तीची झाल्यावर या बारकाव्याला पैशाचेही मोल आले. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिच्यातली उष्णता परत मिळवतो, परंतु त्यासाठी परतीचे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असावे लागते. जवळच्या रेडिएटरमधून न निवताच परतणारे पाणी हा फायदा घालवते, आणि गृहस्थाला गॅसचे बिल पाहूनही त्याचे कारण उमगत नाही.

मुद्दाम ठेवलेल्या या अडचणीवर परिस्थितीने दुसरी अडचण चढवली. १९७० च्या सुमारास ब्रिटनमधल्या तीन घरांपैकी किमान दोन घरांत केंद्रीय तापव्यवस्था नव्हती. उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूसाठी १९६७ ते १९७७ या दशकात देशभरातली उपकरणे बदलण्यात आली आणि त्याच काळात कोळशाच्या शेगडीवर चालणाऱ्या जुन्या घरांत नळ, बॉयलर आणि रेडिएटर घुसवले गेले. ही घरे त्यासाठी बांधलेली नव्हती. रेडिएटर मिळेल तिथे, बहुधा खिडकीखाली, बसवला गेला, कारण थंड काचेवरून खाली उतरणारा गार वारा तिथेच अडवता येतो. मग त्याच्या एका अंगाला स्वयंपाकघरातले कपाट आले, दुसऱ्या अंगाला जड सोफा आला, आणि पुढच्या पिढीला उघडा पत्रा कुरूप वाटू लागल्यावर त्यावर जाळीची लाकडी पेटी चढली, जिच्यामुळे उष्णतेचा काही भाग अडतो आणि व्हॉल्व्ह पूर्णच नजरेआड होतो. नळ बसवताना ज्या कोपऱ्यात कारागिराचे दोन्ही हात मावत होते, तिथे आता दोन बोटे शिरतात. लंडन, स्लाव किंवा मँचेस्टर इथे नव्याने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्या थंडीत हा वारसा असाच्या असा हाती येतो. महाराष्ट्रातल्या घरात रेडिएटर नसल्यामुळे पूर्वानुभव शून्य असतो.

टोपी काढल्यावर पहिली चूक होते ती चावीच्या निवडीत. प्रत्येक घरात रेडिएटरची एक छोटी पितळी चावी असते आणि तीच इथे लागेल असे साहजिकच वाटते. प्रत्यक्षात ती चावी रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातल्या बारीक चौकोनी खिळीसाठी असते. ती खिळी सैल करून आत साठलेली हवा बाहेर काढतात. तिचे भोक साधारण ५ मिलिमीटरचे असते, लॉकशील्डचा स्पिंडल त्याहून जाड. शिवाय सगळे स्पिंडल चौकोनीही नसतात. काही दोनच बाजूंनी चपटे केलेले असतात, काहींना दाते असतात, आणि युरोपातल्या पुष्कळ व्हॉल्व्हमध्ये बाहेर आलेला दांडाच नसून पितळी झाकणाखाली षटकोनी खाच असते, जिच्यात एलन की बसते. ही षटकोनी खाच औद्योगिक जगात रूढ करण्यात अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथल्या विल्यम अ‍ॅलन यांच्या कारखान्याचा १९१० पासून मोठा वाटा आहे. तेव्हा हत्यार शोधण्याच्या आधी डोके शोधावे लागते; त्याचा आकार, माप आणि भिंतीपासूनचे अंतर या तीन गोष्टी कळल्याशिवाय दुकानात जाणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल आणणे होय.

डोके दिसत नसेल तर फोनचा कॅमेरा फटीत सरकवून छायाचित्र घेणे हा आजचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. माप घेण्यासाठी मऊ मेणाचा किंवा मळलेल्या कणकेचा गोळा स्पिंडलवर दाबून ठसा घेता येतो आणि तो व्हर्नियर कॅलिपरने मोजता येतो. ही युक्ती जरा घरगुती वाटली, तरी पितळाच्या मऊपणाचा विचार करता अंदाजाने आणलेल्या पान्यापेक्षा ती शहाणपणाची आहे. अर्धा मिलिमीटर सैल पाना पोलादी नटावर चालून जातो, पितळी चौकोनाचे कोपरे मात्र तो दोन झटक्यांत गोल करतो. त्याहूनही वाईट म्हणजे पक्कड. तिचे दाते पितळात रुततात, पकड एकदा सुटते, दुसऱ्यांदा सुटते आणि तिसऱ्या वेळी तिथे चौकोन उरलेला नसतो. जुन्या घरांतल्या लॉकशील्डवर दिसणारे ओरखडे पाहिले, तर बहुतेकांची गाठ आयुष्यात कधीतरी पकडीशी पडलेली असते असे म्हणायला हरकत नाही.

यानंतरचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आणि खरे तर सर्वांत निर्णायक आहे: पाना किती अंशांतून फिरू शकतो? अडचणीच्या जागी पाना लांब आहे की आखूड यापेक्षा, एकदा फिरवून काढल्यावर तो पुन्हा डोक्यावर बसायला किती कोन लागतो, यावर काम होणार की नाही हे ठरते. षटकोनी नटाला दर ६० अंशांवर नवी बाजू मिळते. साध्या उघड्या तोंडाच्या पान्याचे तोंड दांड्याशी १५ अंश तिरके ठेवलेले असते आणि त्यामागे हेच गणित आहे. पाना प्रत्येक वेळी उलटा करून लावला की षटकोनी नटासाठी ६० ऐवजी ३० अंशांची मोकळी जागा पुरते. चौकोनी स्पिंडलला मात्र नवी बाजू ९० अंशांनंतर मिळते आणि तोच तिरका पाना उलटसुलट करूनही किमान ६० अंश हवेतच. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कपाटाची फळी असेल, तर तेवढा कोन मिळत नाही. दोन्ही बाजूंनी चपट्या केलेल्या स्पिंडलची स्थिती आणखी बिकट, कारण तिथे सरळ तोंडाच्या पान्याला अर्ध्या फेऱ्यानंतरच पुन्हा पकड मिळते.

म्हणून अशा जागी बाजूने शिरणारा पाना सोडून वरून बसणाऱ्या हत्याराकडे वळावे लागते. आठ कोपऱ्यांची गोटी, म्हणजे सॉकेट, चौकोनावर दर ४५ अंशांना बसते. तिला ७२ दात्यांचे रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारा दांडा, जोडले, तर गोटी स्पिंडलवरून न काढताच प्रत्येक ५ अंशांच्या हालचालीत काम पुढे सरकते, आणि मग भिंतीची अडचण जवळजवळ उरत नाही. अडचण उरते ती उंचीची. रेडिएटरच्या कडेवर बसवलेली जाळी, खिडकीची फळी किंवा लाकडी पेटीचे झाकण वरून खाली येणाऱ्या गोटीला आणि तिच्यावरच्या रॅचेटला जागा देत नाही. अशा वेळी मधे लांब दांडी आणि सर्व दिशांना वळणारा सांधा जोडून रॅचेट अडथळ्याच्या बाहेर आणता येते. मात्र या लांबीची किंमत द्यावी लागते. लांब दांडी स्वतःच किंचित पिळली जाते आणि वळणारा सांधा थोडा लचकतो, त्यामुळे हाताने पाव फेरा दिला तरी खाली स्पिंडल पाव फेरा फिरलाच असेल याची खात्री नसते. जिथे पाव फेऱ्यावर सगळे अवलंबून आहे, तिथे हा दोष लहान नाही. गोटीवर रंगाचा ठिपका लावून तो ठिपका पाहत फिरवणे हाच त्यावरचा विश्वासार्ह इलाज.

हत्यारांच्या दुकानात गेल्यावर बहुतेक जण मागतात तो स्क्रू पाना, म्हणजे ज्याचा जबडा कमी-जास्त करता येतो तो. त्याचे आजचे रूप स्वीडनमधल्या एन्शपिंग या गावचे योहान पेटर योहान्सन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला दिले. माप बदलले की पाना बदलावा लागतो, हे त्यांनी त्यातून सोडवले. लॉकशील्डसाठी त्याची छोटी, १०० किंवा १५० मिलिमीटरची आवृत्ती खरोखर उपयोगी पडते, कारण जबडा चौकोनाच्या अचूक मापावर आणता येतो. अट दोन गोष्टींची: जबडा आवळताना ढिलाई उरू नये आणि जोर स्थिर जबड्यावर यावा, हलत्या जबड्यावर नव्हे. परंतु त्याचे डोके जाड असते, आणि रेडिएटर व भिंत यांच्यामधल्या चार-पाच सेंटिमीटरच्या फटीत ते डोके शिरले, तरी फिरायला जागा उरत नाही. प्लंबर वॉशबेसिनच्या मागचे नट काढण्यासाठी लांब दांडीच्या टोकाला हलता जबडा असलेला बेसिन पाना वापरतात. तोही इथे सुचवला जातो. त्याचा जबडा नट ओरबाडत पकडतो, म्हणून मोठ्या पोलादी किंवा प्लास्टिकच्या नटाला तो ठीक आहे, पितळी स्पिंडलला नाही. लांबवर पोचतो म्हणून एखादे हत्यार योग्य मानणे, ही या कामातली सर्वांत सामान्य गफलत आहे.

जोराचा हिशोब तर उलटाच लागतो. पान्यावरचा पीळ हा लावलेला जोर आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार असतो. १५० मिलिमीटरच्या पान्यावर सुमारे २ किलो वजनाएवढा जोर लावला की जवळजवळ ३ न्यूटन-मीटर पीळ पडतो, आणि पाना दुप्पट लांब झाला की त्याच हातातून पीळही दुप्पट होतो. लॉकशील्डचा स्पिंडल चांगल्या अवस्थेत असेल तर बोटांच्या जोरावर फिरणाऱ्या छोट्या पान्याने हलतो. तो हलत नसेल, तर त्याचा अर्थ पाना आखूड आहे असा नसून आत क्षार किंवा गंज साठला आहे असा असतो. तिथे मोठा पाना लावणारा माणूस व्हॉल्व्ह फिरवत नाही, तो तांब्याचा नळ वाकवतो. तंत्राचा शिरस्ता असा की स्पिंडलवर भेदक तेल सोडून वाट पाहावी, मग एकदा किंचित आवळावे, एकदा किंचित सैल करावे आणि हालचाल थोडीथोडी वाढवत न्यावी, आणि त्या वेळी दुसऱ्या हाताने व्हॉल्व्हचे अंग धरून ठेवावे. दुसरा हात शिरत नसेल तर काम थांबवलेले बरे. बंद पद्धतीच्या व्यवस्थेत पाणी थंड असतानाही १ ते दीड बार दाबाखाली असते, आणि ते बाहेर आले तर काळे येते, कारण पोलादाच्या गंजाची बारीक भुकटी त्यात मिसळलेली असते. गालिच्यावरचा तो डाग निघत नाही.

बरीच वर्षे न हललेला स्पिंडल फिरला की त्याच्या भोवतालच्या ग्लँड नटमधून पाणी झिरपू लागणे हाही अपेक्षित प्रकार आहे. ग्लँड म्हणजे स्पिंडलभोवती दाबून भरलेले पॅकिंग. वरचा नट फेऱ्याचा आठवा हिस्सा आवळला तर झिरपणे बहुधा थांबते. इथे मात्र दुसरा पाना लागतो, कारण स्पिंडलचे माप आणि ग्लँड नटचे माप वेगळे असते. एकच योग्य हत्यार शोधण्याचा सारा खटाटोप त्यामुळे अनेकदा दोन हत्यारांवर येऊन थांबतो.

दिशेचा घोटाळा याहून गमतीचा आहे. स्पिंडलच्या समोरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने व्हॉल्व्ह बंद होतो. बहुतेक लॉकशील्डचा स्पिंडल वर तोंड करून उभा असतो, तेव्हा वरून पाहणाऱ्याला दिशा चुकत नाही. पण नळ भिंतीतून येत असेल आणि स्पिंडल आडवा, भिंतीकडे तोंड करून असेल, तर मागून हात घालणाऱ्याला बंद होण्याची दिशा काट्यांच्या उलट दिसते. त्यात दंतवैद्याचा छोटा आरसा वापरला तर आरशातले फिरणे पुन्हा उलटलेले असते. फोनच्या मागच्या कॅमेऱ्यातले चित्र मात्र उलटत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवणे हा अनुभवी कारागिरांचा नियम आहे. तो आकडा असला की पुढे काहीही बिघडले तरी व्हॉल्व्ह मूळ जागी आणता येतो.

अडचण स्पिंडलची नसून व्हॉल्व्हच बदलायची झाली, तर रेडिएटरच्या तोंडात बसलेला पितळी तुकडा आतून षटकोनी चावीने सोडवावा लागतो. टप्प्याटप्प्याने जाड होत जाणारी ही चावी अनेक मापांना चालते. त्या तुकड्यावरचे आटे अर्ध्या इंचाचे असतात, आणि इथे मराठी वाचकाला ओळखीची जागा भेटते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे एकसारखे आटे सुचवले, पुढे नळांसाठीही तीच घडण आली आणि साम्राज्याबरोबर ती भारतात पोचली. अर्ध्या इंचाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात २०.९५५ मिलिमीटर असतो आणि एका इंचात १४ आटे बसतात. त्यात अर्धा इंच कुठेच सापडत नाही, कारण ते माप जुन्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीचे होते. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या हार्डवेअरच्या दुकानात आजही गिऱ्हाईक अर्ध्या इंची निपल मागते तेव्हा त्याला हेच आटे मिळतात. ब्रिटनने १९७० च्या सुमारास तांब्याचे नळ १५ मिलिमीटरवर नेले, रेडिएटरचे तोंड मात्र अर्ध्या इंचावरच राहिले. एकाच व्हॉल्व्हच्या एका टोकाला मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला इंच असल्यामुळे दोन मापांचे पाने जवळ बाळगणाऱ्याला हसू नये.

ज्या बाजूला मूठ असते, तिथे आता बहुधा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह दिसतो. डेन्मार्कमध्ये डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये त्याची कल्पना साकारली. मुठीच्या आत मेणाची किंवा द्रवाची कुपी असते, खोली तापली की ती फुगते आणि खालची पिन दाबून प्रवाह कमी करते. उन्हाळाभर बंद राहिल्यावर ही पिन अडकते आणि मग पाना शोधण्याची धावपळ होते, जी बहुतेक वेळा अनावश्यक असते. मूठ हाताने किंवा तिच्या कड्यावरचा नट सैल करून काढायची, पिन एखाद्या सपाट पृष्ठभागाने हळूच दाबायची आणि ती स्वतःहून वर येते का ते पाहायचे. पक्कडीने पिन वर ओढली तर ती हातात येते आणि पाणीही. लाकडी पेटीत कोंडलेली मूठ पेटीतलीच उष्णता मोजते आणि खोली गार असताना प्रवाह बंद करते, हा तिचा दुसरा दोष. त्यासाठी बारीक नळीने जोडलेला, खोलीत बाहेर ठेवायचा संवेदक मिळतो.

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत तर कोणता पाना हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तिथे पाण्याऐवजी वाफ खेळते आणि पुष्कळ ठिकाणी एकाच नळातून वाफ आत येते व तिचे पाणी होऊन परत जाते. तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद एवढाच असावा लागतो. अर्धवट उघडला तर पाणी आत अडकते आणि नळ रात्रभर ठोकल्यासारखे वाजतात. खोली कमी-जास्त तापवायची असेल, तर तिथे हवा सोडणाऱ्या छोट्या व्हेंटकडे पाहावे लागते, पान्याकडे नव्हे.

ब्रिटनमध्ये मात्र लॉकशील्डकडे पुन्हा जाण्याची वेळ आलेली आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनी २०२२ पासून नव्याने बसवल्या जाणाऱ्या संपूर्ण तापव्यवस्थेची आखणी ५५ अंश किंवा त्याखालच्या पाण्यासाठी करण्यास सांगितले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंड व वेल्समध्ये बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता घरात ओढून आणणारे यंत्र, बसवण्यासाठी ७,५०० पौंडांचे अनुदान मिळू लागले. हीट पंपाच्या पाण्याचे तापमान रेडिएटरमध्ये २० अंशांनी उतरत नाही. ते साधारण ५ अंशांनी उतरावे अशी त्याची रचना असते. त्याच १ किलोवॅटसाठी मग मिनिटाला पाऊण लिटरऐवजी जवळजवळ ३ लिटर पाणी खेळावे लागते. कंडेन्सिंग बॉयलरसाठी अर्ध्या-पाऊण फेऱ्यावर आवळून ठेवलेले लॉकशील्ड त्यासाठी उघडावे लागतात, तेही घरातला प्रत्येक, सोफ्यामागचा आणि जाळीच्या पेटीतलाही. हीट पंप बसवणारे तंत्रज्ञ त्यामुळे पेट्या उखडून काढायला सांगू शकतात.